समुद्र खातो ते वॉरंटीत नसते

कोकणात जुनी गाडी घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, मीटरवरचे किलोमीटर विचारतो आणि गाडी घाटावरची आहे असे कळले की निर्धास्त होतो. घाटावरच्या गाडीला खारा वारा लागलेला नसतो, तिचा पत्रा शाबूत असतो, असा आपल्याकडचा समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. त्याच हिशेबाने आम्ही गुहागर तालुक्यातून घाट चढून गेलो आणि एका मोठ्या विक्रेत्याकडून आठ वर्षे वापरलेली पेट्रोलची छोटी गाडी घेतली. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला मिळाला आणि सोबत वर्षभराच्या वॉरंटीचे छापील पत्रकही हाती आले. त्या पत्रकात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या आतील भागांची हमी होती. वायरिंग, सेन्सर, बॅटरी, रबरी भाग, ब्रेक आणि सस्पेन्शन ही नावे वगळलेल्या भागांच्या यादीत होती आणि शेवटी गंजामुळे किंवा पाण्यामुळे झालेला कोणताही बिघाड ग्राह्य धरला जाणार नाही, असे बारीक अक्षरांत लिहिले होते.

माझी मुख्य तक्रार या यादीविषयी आहे. नियमित तेल बदललेल्या पेट्रोल गाडीचे इंजिन आठव्या-नवव्या वर्षी सहसा बसत नाही आणि गिअरबॉक्सही लवकर जात नाही. किनाऱ्यावर आधी जातात त्या वायरिंगच्या जोडण्या, अर्थिंगचे पट्टे (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला आणि इंजिनाला जोडणाऱ्या तारा), सेन्सरच्या पिना, ब्रेकच्या नळ्या आणि गाडीच्या तळाचे चॅनेल. म्हणजे जे सहसा बिघडत नाही त्याची हमी द्यायची आणि जे हमखास बिघडणार ते वगळायचे, अशी ही रचना आहे आणि वॉरंटी या नावाखाली ती विकली जाते.

हे का घडते ते सांगतो. हवेतले मीठ पत्र्यावर आणि तांब्यावर बसते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पाऊस नसतानाही धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे चार महिने तर सुकायला सवडच नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतात, उदाहरणार्थ तांब्याची तार आणि लोखंडी बोल्ट, तिथे हे खारे पाणी विद्युतघटाचे काम करते आणि गंज कितीतरी वेगाने वाढतो. दाभोळ ते धोपावे किंवा जयगड ते तवसाळ अशा फेरीबोटीने नेहमी ये-जा करणाऱ्या गाड्यांवर लाटांचे तुषार थेट उडतात. अशी गाडी घरी आणल्यावर खालून गोड्या पाण्याने धुतली पाहिजे, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे.

आमच्या गाडीचा त्रास पहिल्या पावसाळ्यात सुरू झाला. कुंभार्ली घाटात चढणीला लागली की गाडी अडखळायची, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, कधी स्टिअरिंग जड व्हायचे, आणि ऊन पडून दोन दिवस गेले की सगळे आपोआप ठीक व्हायचे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला गेला आणि ठिणगीसाठी लागणाऱ्या इग्निशन कॉइलचा कोड आला, म्हणून कॉइल बदलली. पुढच्या पावसात इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलचा कोड आला, थ्रॉटल बॉडी बदलली. नंतर सायलेन्सरच्या तोंडाशी असलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला आणि तोही बदलण्याचे एस्टिमेट हाती पडले. मी जॉब कार्ड लिहिणाऱ्या मुलाला विचारले की तीन वेगवेगळे भाग एकामागून एक कसे बिघडले? तो मुलगा सभ्य होता. "गुरुजी, मशीनमध्ये जो कोड येतो तो पार्ट आम्हाला बदलावाच लागतो," असे तो म्हणाला. त्याच्यापुरते ते खरेही असेल, कारण त्याच्या वरचे लोक त्याला महिन्याकाठी किती पार्ट विकले हे विचारतात, दोष सापडला का हे विचारत नाहीत.

कोड म्हणजे निदान नव्हे. गाडीच्या कॉम्प्युटरला एखाद्या सेन्सरकडून अपेक्षेबाहेरचे व्होल्टेज आले, एवढेच तो कोड सांगतो. सेन्सर बिघडला आहे, त्याच्यापर्यंत जाणारी तार बिघडली आहे की दोघांनाही लागणारे अर्थिंग बिघडले आहे, हे तपासून ठरवायचे असते. एकमेकांशी संबंध नसलेले कोड पावसात येत असतील आणि उन्हात जात असतील, तर आधी अर्थिंग आणि जोडण्या बघायच्या, हे या धंद्यातल्या कोणाही जाणत्या माणसाला माहीत असते. व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून गाडीला स्टार्टर मारला, तर त्या मार्गात किती व्होल्ट वाया जातात ते लगेच दिसते. साधारण 0.2 व्होल्टच्या आत असले तर ठीक मानतात. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात आणि कोणताही पार्ट लागत नाही.

ती तपासणी शेवटी चिपळूणमधल्या, केवळ गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका कारागिराने केली. आकडा एक व्होल्टच्या वर गेला. त्याने बॅटरी उचलली, तिच्याखालचा ट्रे काढला आणि चेसिसला बोल्टने आवळलेला अर्थिंगचा पट्टा दाखवला. वरून तो काळ्या टेपमध्ये व्यवस्थित गुंडाळलेला होता. टेप सोडल्यावर आतल्या तारा हिरव्या भुकटीसारख्या हातात आल्या आणि पाचसहा तारा तेवढ्या जिवंत राहिल्या होत्या. त्यानंतर त्याने न विचारताच चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर, जो एरवी गुंडाळीत राहतो आणि कोणी कधी बाहेर काढत नाही, मातकट रंगाची आडवी रेघ होती. गालिचा उचलल्यावर सीटच्या रुळांचे स्क्रू तांबूस झालेले आणि खालच्या फोममध्ये सुकलेला बारीक गाळ दिसला. "गुरुजी, ही गाडी पाण्यात होती. पण मिठाचं काम नाही हे, गाळ आहे," तो म्हणाला.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा किती गाड्या बुडाल्या, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. परंतु पूर काही एकट्या चिपळूणला येत नाही. कोल्हापूर आणि सांगलीत 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पाणी भरले होते. म्हणून घाटावरची गाडी म्हणजे कोरडी गाडी, हा आपला भरवसा आता पुरेसा नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या 75 टक्क्यांच्या पुढे गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते. तिथून ती लिलावात जाते, कोणीतरी ती धुऊन, सुकवून, पॉलिश करून पुन्हा उभी करतो, आणि नोंदणी रद्द झालेली नसेल तर आरसीवर यातले काहीच दिसत नाही. आमची गाडी कोणत्या वाटेने आली हे मला सांगता येणार नाही, पण तिच्या विमा दाव्यांचा तपशील विक्रेत्याने विक्रीच्या वेळी कागदावर दिला नव्हता, एवढे मी खात्रीने सांगतो.

विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर उत्तर आले की पाण्याचा बिघाड वॉरंटीत बसत नाही. मला हे उत्तर संतापजनक वाटते, कारण पाणी आमच्या ताब्यात असताना शिरलेच नाही. जो दोष घेऊन गाडी विकली, त्याच दोषाचे नाव पुढे करून हमी नाकारली जात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे समाविष्ट केले आहे. याच कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली, ही कोकणातल्या माणसासाठी फार मोठी सोय आहे. गाडी पुण्याची असो वा कोल्हापूरची, रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्राहकाला रत्नागिरीत दाद मागता येते. मोबदला, म्हणजे ग्राहकाने मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेण्याचे नियमही 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यामुळे विक्रेत्याकडे ते आहे का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आम्ही विक्रेत्याला लेखी नोटीस दिली असून त्यासोबत वायरिंग करणाऱ्या कारागिराचे सहीचे निवेदन आणि सीटबेल्टचे फोटो जोडले आहेत. सर्व्हिस सेंटरकडे वेगळे पत्र दिले आहे, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे: त्यांनी बदललेल्या कॉइलमध्ये आणि थ्रॉटल बॉडीमध्ये नेमका काय दोष आढळला, कोणत्या मोजमापावरून आढळला, आणि काढलेले जुने भाग कुठे आहेत, ही तीन उत्तरे मी मागितली आहेत. नवा अर्थिंगचा पट्टा बसवल्यापासून गाडी भर पावसात कुंभार्ली चढते आहे आणि ऑक्सिजन सेन्सर आहे तोच आहे. गालिच्याखालच्या जोडण्यांचे काय होईल हे मात्र आणखी एकदोन पावसाळ्यांनंतरच कळेल, आणि तो खर्च विक्रेत्याने सोसावा, अशी मागणी नोटिशीत स्वतंत्रपणे नोंदवली आहे.