नाटकाला मिळणारे सहा तास

शनिवार, रात्री १०

ऑगस्टपासून डिसेंबरच्या स्नेहसंमेलनापर्यंतचे आठवडे आज मोजले. गणपती, सहामाही, दिवाळी वगळली की हाती १२ उरतात. आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका, त्यातली ५ मिनिटं बाकं सरकवण्यात जातात. म्हणजे २० मिनिटांच्या नाटकाला तालीम ६ तास. गणिताला जादा तास हवा झाला की आधी कापली जाते तीही हीच तासिका. फार वाईट वाटतं.

हे सहा तास पाठांतरात घालवायचे नाहीत. पाठांतर गणपतीआधी, मधल्या सुट्टीत, जोड्याजोड्यांनी उरकावं. प्रत्येक भूमिकेला दोन मुलं हवीत; पावसाळ्यात सर्दीतापाने कुणी ना कुणी गैरहजर असतंच आणि एका खाड्याने अख्खी तालीम अडते.

तासिका द्यायची ती आवाजाला. शाळेचा हॉल बहुधा लांबट, वर पत्रा, स्टेज एका टोकाला. आवाज घुमतो, म्हणून मुलं ओरडतात, आणि मग तो आणखीच घुमतो. खरी गोची मात्र वाक्याच्या शेवटी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि मुलांचा श्वास नेमका तिथे संपतो. ‘मी उद्या गावाला जाणार नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं गेलं, की प्रेक्षकांना उलटंच ऐकू जातं. यावर एक मूल स्टेजवर उभं करावं, दुसरं शेवटच्या बाकावर, पाठमोरं. वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला तरच त्याने हात वर करायचा. पाठमोरं अशासाठी, की ओठ दिसले तर न ऐकलेलंही कळल्यासारखं वाटतं.

शक्य असेल तिथे टोकाचं स्टेज सोडून हॉलच्या लांब भिंतीशी नाटक करावं. शेवटची रांग बरीच जवळ येते. समोरच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगल्या तर घुमणंही कमी होतं. टांगता माईक नकोच, लाकडी स्टेजवर तो संवादांपेक्षा पावलंच जास्त ऐकवतो.

दिव्यांना ५०० वॅटचे दोन हॅलोजन पुरतात, समोरून डावी-उजवीकडे, साधारण ४५ अंशांत. ६ अँपिअरच्या सॉकेटला २३० व्होल्टवर १३८० वॅटच झेपतात. तिसरा दिवा लावला तर मर्यादा ओलांडते, प्लग तापतो. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडून ठेवायची. गुंडाळलेली वायरही तापते.

नेपथ्याला वर्गातली बाकं चालतील. डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स ही बालरंगभूमी पुण्यात आणली, तीही मोजक्या नेपथ्यावर आणि मुलांच्या रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांवर उभी आहे. संहिता निवडताना हे बघावं: क्लास, अभ्यास, घरातली भांडणं. राजा-राणीच्या कपड्यांवर जाणारा पैसा वाचतो.

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे महाविद्यालयीन स्पर्धेच्या, एकांकिका सुरू झाल्या की मुलांना न्यायचं. तिकिटं शेवटच्या रांगेची काढायची.