टाटामोबाईल, गंज आणि बाबांची वही

खळ्याच्या कडेला माडाच्या झापांनी शाकारलेली खोप आहे. तिच्यात आमची टाटामोबाईल 206 ही पिकअप नऊ वर्षं उभी होती. 2014 चा आंबा सीझन संपला, बाबांच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला, आणि चालवणारं दुसरं कोणी घरात नव्हतं. मी कणकवलीला बँकेत, धाकटा भाऊ ठाण्यात. आधी तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या, मग हौद्यात नारळाची सोडणं आणि चुडतं साठू लागली, आणि शेवटी आईने पाठीमागच्या फाळक्याला कपड्यांची दोरी बांधली. गाडीचं भिंतीत रूपांतर झालं ते असं.

2023 च्या दिवाळीत भंगारवाला किलोच्या भावाने मागायला आला. बाबा द्यायला तयार होते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे दीड वर्ष लोक मला "वडिलांची आठवण जपतोस" म्हणत होते. वडिलांना आठवण नको होती, जागा मोकळी हवी होती. नको म्हणालो तो मी.

ही गाडी 1993 ची. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, 1988 साली टाटामोबाईल बाजारात आणली, त्याच सांगाड्यावर पुढे 1991 ची सिएरा आली. आमच्या भागात तोवर आंबा उचलायचा तर जीप नाहीतर भाड्याचा टेंपो. बाबा बागेतून पेट्या भरून देवगडजवळच्या जामसंड्याला ट्रान्सपोर्टवर नेत, तिथून त्या मुंबईच्या बाजारात जात. तेव्हा पेटी लाकडी, आत पेंढा. सड्यावरचा रस्ता म्हणजे नुसता कातळ, चिऱ्याची लाल धूळ, आणि वारा खारा. गाडीची वाट लागायला एवढं पुरतं.

इंजिनाचा मॉडेल नंबर 483. चार सिलिंडर, 83 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 1948 सीसी. हेच इंजिन 1994 च्या सुमोत आलं, आणि आमचं काम झालं ते केवळ त्यामुळे. टाटामोबाईलचा पार्ट म्हणून विचारलं की दुकानदार हात झटकतो. "जुन्या सुमोचा द्या" म्हटलं की माळ्यावरून खोका काढतो. वॉटर पंप, होज, डिझेल फवारणारे नोजल, थंड इंजिन तापवणारे हिटर प्लग, सगळं मी सुमोच्या नावाने घेतलं.

मला पहिल्याच रविवारी नवी बॅटरी लावून सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारायचा होता. जामसंड्याच्या मिस्त्रींनी बॅटरी माझ्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. नऊ वर्षं उभ्या इंजिनाला सेल्फ मारलास तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या लायनरला धरलेल्या असतील त्या तुटतील, म्हणाले. मग आम्ही चारही हिटर प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. पुढच्या शनिवारी क्रँकच्या पुलीवर पाना लावून मिस्त्रींनी जोर दिला. पहिल्यांदा काहीच नाही. मग चिकटलेलं दार उघडावं तसा एक करकर आवाज झाला आणि पुली बोटभर सरली. त्या बोटभराने मला जो आनंद झाला तो नंतर गाडी चालू झाली तेव्हाही झाला नाही.

टाकीतलं डिझेल काढलं तर ते डिझेल राहिलं नव्हतं. काळपट, चिकट, तळाला काकवीसारखं. टाकी खालून पाझरतही होती. मी म्हटलं वेल्डिंग करू. मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. डिझेल काढलं तरी वाफ आत राहते. टाकी धुऊन, पाण्याने भरून मगच ठिणगी जवळ नेतात, आणि तेही ज्याला येतं त्याने. फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाणं होतंच, तिथूनच एक जुनी पण कोरडी टाकी आणली. डिझेलचा पंप आणि नोजलही त्याच फेरीत दुरुस्तीला दिले, उद्यमनगरातल्या एका पंपवाल्याकडे. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं होतं, त्यात आमच्या विमा पॉलिसीचे तुकडे.

इंजिन चालू झालं ते मार्चमध्ये. आधी डिझेलच्या पाइपांत अडकलेली एअर काढायची: फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे थांबून सरळ धार आली की बोल्ट आवळायचा, मग नोजलकडच्या पाइपांचे नट सैल करून तेच. बाबा खुर्ची टाकून बसले होते, तिथूनच ओरडले, "हीट दी. धा मोज. मगे मार." दहा मोजले, मारला. माडाच्या शेंड्यापर्यंत पांढरा धूर गेला, आणि आईने दोरीवरचे कपडे काढायला धाव घेतली, ते राहिलेच होते.

मला वाटलं, झालं. इथेच मी फसलो. इंजिन हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग होता. लोखंडाचा जाड ठोकळा, आतून तेलाने माखलेला, त्याला कोकणातली हवा काय करणार? तिने काम पत्र्यावर केलं होतं.

वरून गाडी बरी दिसत होती. केबिनच्या उंबऱ्याचा रंग थोडा फुगला होता, तिथे मी स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर तो मुठीपर्यंत आत गेला. वेल्डर येऊन बघून गेला. म्हणाला, "पत्रो खयचो? हो तर गंजच रंग लावन उभो आसा." असा गंज बहुतेकदा आतून येतो हे मी तेव्हा शिकलो. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. काचेवरून उतरलेलं पाणी त्यातून गळून जावं म्हणून. ती भोकं मातीने बुजली की दार म्हणजे पाण्याचं भांडं होतं, आणि ते आतून सडत राहतं. चाकांच्या कमानीच्या घडीत लाल माती अडकते, ती पावसाळाभर ओली राहते. वर बाबांनी दर मिरगाआधी चेसिसला काळं ऑइल मारलेलं. आमच्याकडे सगळेच मारतात, आणि चेसिस खरोखर वाचलीही त्याने, पण रबराचे बुश फुगून लोण्यासारखे झाले होते आणि ऑइल शोषलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरेना. आधी रॉकेल, मग डिटर्जंट, मग घासकाम. तीन रविवार फक्त धुण्यात गेले.

नवा पत्रा 18 गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. साधं आर्क वेल्डिंग यावर चालत नाही, पत्र्याची चाळण होते. सीओटू वेल्डिंग, म्हणजे गॅसच्या आडोशात तारेने केलेलं, लागतं. तेही सलग रेघ ओढून नाही. इथे एक टाका, तिथे एक, मग थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या हे मी एकदा विसरलो आणि अल्टरनेटर दुरुस्तीला पाठवला. हा खर्च घरी सांगितलेला नाही.

मी सुट्टीच्या दिवशीच येणार. रविवार, आणि दुसरा-चौथा शनिवार. त्यामुळे घासलेला पत्रा आठवडाभर उघडा पडायचा. मे महिन्यात ठीक होतं. जूनमध्ये एका रविवारी दुपारी मी डावा मडगार्ड चकचकीत घासला, रेड ऑक्साइड प्रायमर संपला म्हणून तसाच ठेवून गेलो, आणि पुढच्या शनिवारी तो काजूच्या बोंडाच्या रंगाचा झाला होता. पुन्हा 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात. त्यानंतर नियम केला: संध्याकाळी प्रायमर मारता येईल तेवढंच सकाळी घासायचं, मग ते हातभर असलं तरी चालेल.

ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला, रेक्झिनचं पॅनल काढल्यावर, पत्र्यावर खिळ्याने ओरखडलेले आकडे सापडले. किलोमीटर, ऑइल बदलल्याची तारीख, पुढे पेट्यांचा हिशेब. 1996 पासूनचे. वेल्डर म्हणाला हा भाग कापून टाकू, अर्धा खाल्लेलाच आहे. मी त्याला हात लावू दिला नाही. तेवढा तुकडा वाचवण्यासाठी त्याच्या भोवतीने पत्रा कापायला लावला, चार वेगवेगळी ठिगळं, दोन दिवसांची जादा मजुरी. संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, हे सगळं वहीत उतरवलेलं आहे. कपाटातून वही काढून आणली. होतं खरंच, निळ्या शाईत, ओळीने. पत्र्यावर फक्त पेन जवळ नसेल तेव्हा लिहायचे.

तो तुकडा अजून दारात आहे. एवढी मजुरी दिल्यावर तो काढणार कोण.

मागच्या ब्रेक ड्रमचं सांगायचं तर ते आतल्या ब्रेक शूला इतके धरले होते की घणाने ठोकून काढले. व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून जागीच बसले होते. मिस्त्री म्हणाले किट टाकून, पॉलिश पेपर मारून चालेल. मी नवे सिलिंडर घेतले, मास्टर सिलिंडरसुद्धा. पूर्ण कामात त्यांचं न ऐकता केलेली ही एकच गोष्ट, आणि आजही तसंच करेन. स्प्रिंगचे पाटे मात्र जुनेच ठेवले. उघडून, घासून, ग्रीस भरून, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट तेवढे नवे.

रंगावरून घरात भांडण झालं. घासताना पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली मूळचा क्रीम. मला तोच क्रीम हवा होता, आरशासारखा. गणपतीला भाऊ येणार होता, त्याला दाखवायचं म्हणून मी सप्टेंबरातच पेंटरला बोलावलं. तो नको नको म्हणत होता, दिवाळीनंतर हवा सुटू दे म्हणत होता. मी ऐकलं नाही. गन मारली, अर्ध्या तासात सगळ्या बॉनेटवर दुधावर येते तशी पांढरट साय चढली. थिनर उडताना पत्रा थंड पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंग फटफटीत होतो. पेंटरला हे माहीत होतं, मला आता माहीत झालं. नोव्हेंबरात सगळं वॉटर पेपरने उतरवून पुन्हा लांबी (पुट्टी), पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. या वेळी झकास आला. मी दोन दिवस नुसता भोवतीने फिरत होतो.

हौद्याचा पत्राही मी तसाच रंगवून घेणार होतो. बाबा काठी टेकत आले, आत डोकावले आणि विचारलं, "गाडी बगूक केलंस काय वापरूक?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. दुसऱ्या दिवशी सुताराला त्यांनीच बोलावलं होतं. गोठ्याच्या माळ्यावर किंजळाच्या फळ्या पडून होत्या, त्या तासून हौद्यात आडव्या बसवल्या, मध्ये बोटभर फट ठेवून, पाणी खाली जायला. चकाकत्या क्रीम रंगाच्या गाडीत काळपट फळ्या. मला ते विद्रूप वाटलं. आंबा सरकत नाही आणि पत्रा तापत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि चाळीस वर्षं आंबा नेणाऱ्या माणसाशी यावर वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नव्हता.

कागदांचं थोडक्यात. मालवाहू गाडी उभी करून ठेवणार असाल तर वापरात नसल्याचा अर्ज आधीच द्यायचा असतो. आम्ही दिला नव्हता. थकलेला कर, त्यावर दंड, वर पर्यावरण कर, विमा, आणि मग फिटनेस प्रमाणपत्र. चेसिस नंबरवर मी हौसेने तीन थर रंग मारला होता, त्यामुळे पेन्सिलचा ठसा उमटेना. आरटीओत तिथेच बसून पॉलिश पेपरने घासावा लागला. रिफ्लेक्टर टेप, पीयूसी, आणि 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना लागणारी नवी नंबर प्लेट. एमएच 07 तेवढं जुनं राहिलं.

सगळा खर्च एक लाख नव्वद हजार. यात थोडी भर घालून चालती सेकंडहँड पिकअप मिळाली असती, असं मला तिघांनी सांगितलं. त्यातले एक बाबा.

2025 च्या एप्रिलमध्ये पहिली खेप भरली. आता लाकडी पेट्या नाहीत, प्लास्टिकचे क्रेट. मी हौद्याच्या कडेला जुनी चादर घातली होती रंग जपायला. ती क्रेट चढवताना दोनदा पायात आली, तिसऱ्यांदा बाबांनी ओढून काढली आणि आईकडे फेकली. त्यानंतरच्या चौथ्या क्रेटला माझ्याच हातून कड घासली गेली. वीतभर ओरखडा, क्रीमखालून लाल प्रायमर दिसायला लागला. बाबांनी वाकून त्यावरून अंगठा फिरवला. "रातीक रंग लाव, नायतर गंज धरतलो," म्हणाले, आणि दोरीचं टोक माझ्याकडे फेकून पलीकडच्या हुकाकडे गेले.