ख्रिस्तीबाईंचं फ्रँकफर्ट

आज अमळनेरला घरी बसून रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीची 'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट' ही हेरकथा संपवली आणि फार हळहळले. सुरुवात काय जबरदस्त आहे! फ्रँकफर्टच्या विमानतळावर एक अनोळखी बाई सर स्टॅफर्ड नाय या इंग्रज मुत्सद्द्याकडे चक्क त्याचा पासपोर्ट मागते. जीव वाचवायचाय म्हणते. आणि तो देतो! एवढं आजीला सांगितलं, तर हातातली मेथी तशीच ठेवून ती म्हणाली, "मंग काय व्हयनं?"

पुढचं सांगता येईना. जगभर पेटलेले तरुण, हिटलरचा म्हणे मुलगा, आणि बैठकांमागून बैठका. माणसं नुसती बोलत राहतात.

1970 साली, बाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास आलेलं हे पुस्तक. त्या वयात नवं जग समजून घ्यायची धडपड मला मोठीच वाटते. पण त्यांची खरी ताकद लहान जागेत होती: एक घर, मोजकी माणसं, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दडलेलं. हेरकथेत सगळं जग शिरलं आणि माणसंच पुसट झाली.

उद्या आजीला 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' सांगणार. गावच्या पेपरात खुनाची आगाऊ जाहिरात येते, ती गोष्ट.