पेटीच्या झाकणातली भेग

मे महिन्यात नागपुरातल्या सुताराकडे नव्या कामापेक्षा तडकलेल्या वस्तूच जास्त येतात. पारा 45 च्या घरात, दुपारच्या हवेत ओलावा नावालाही नाही. कोकणातून किंवा मुंबईहून आलेलं लाकूड अशा वेळी आपलं खरं माप दाखवतं.

त्यातलीच ही पेटी. एका ताईंना माहेरहून, रत्नागिरीकडून मिळालेली. लेकीच्या लग्नात द्यायची म्हणून गेल्या पावसाळ्यात तिकडेच करवून घेतली होती. सागवानी, डव्हटेलचे म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे कोपरे, पितळी कडी, काम नजर लागावी असं. झाकणाला चौकट आणि चौकटीत एकसंध सागाचं पॅनेल. त्या पॅनेलच्या मधोमध, लाकडाच्या रेषेला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. रात्री दोनच्या सुमाराला बंद खोलीत फटाका फुटावा तसा आवाज झाला, घरातले चोर आला म्हणून उठले आणि दिवा लावला तर हे.

"भाऊ, लग्न पंधरा दिवसांवर आहे. लांबी (पुट्टी) भरून वर पॉलिश मारा, दिसणार नाही असं करा," ताई म्हणाल्या. त्यांच्या मिस्टरांचं मत ठरलेलं होतं, की लाकूड कच्चं दिलं, फसवलं.

लाकूड कच्चं नव्हतं. मी मॉइश्चर मीटर लावला, 6 टक्के. जुलैत रत्नागिरीच्या हवेत तोच साग, कितीही मुरवलेला असला, तरी 15 टक्क्यांच्या आसपास असणार. मुरवलेलं लाकूड मेलेलं असतं असा एक समज आहे. लाकूड आजूबाजूच्या हवेइतकं ओलं-सुकं होत राहतं, शंभर वर्षांनीसुद्धा. लांबीत ते जवळपास हलत नाही, सगळी हालचाल रुंदीत. पॅनेलच्या टोकाकडून पाहिलं तर झाडाच्या वाढीची वलयं आडवी, पसरट होती. अशा कापाच्या सागाची रुंदी ओलावा 1 टक्क्याने उतरला की साधारण 0.19 टक्के कमी होते. पॅनेल 360 मिलिमीटर रुंद, ओलावा 9 टक्के उतरला, म्हणजे सहा मिलिमीटर कमी. भेगेत पट्टी घातली तर पाच भरले. उरलेल्या एकाचा हिशोब चौकटीच्या लांब पट्ट्यांनी दिला होता, त्या मध्यावर किंचित आत ओढल्या गेल्या होत्या.

म्हणजे पॅनेलला आक्रसायचं होतं आणि कोणीतरी त्याला चारही बाजूंनी धरून ठेवलं होतं. पॅनेल चौकटीच्या ज्या खाचेत बसतं तिच्या कडेला नखाने खरवडलं तर फेव्हिकॉलचा सुकलेला पापुद्रा निघाला. वर मागच्या बाजूने बारीक खिळेही मारलेले. कारागीर हाताचा चांगला होता, यात शंका नाही. पण आयुष्यभर कोकणच्या हवेत काम केलेल्या माणसाला वर्षाकाठी 45 अंशांच्या कोरड्या उन्हाळ्याचीही एक फेरी असते, हे हिशोबात धरायची सवय नसते.

लांबी भरायला मी नकार दिला. ऑगस्टमध्ये पॅनेल फुगणार, भेगेत भरलेली लांबी पाचर बनणार, आणि मग एक तर दुसरीकडे चीर जाणार नाहीतर चौकटीचे कोपरे उघडणार. "पॉलिश आहे की वर," मिस्टर म्हणाले. पॉलिशने ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाही.

खिळे उपटले. मग ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवत चौकटीचे सांधे आणि खाच तापवत बसलो. पांढरा फेव्हिकॉल तापला की नरम पडतो, एवढाच काय तो दिलासा. घाई केली की खाचेचा ओठ तुटतो. दुपारभर आमचा पोऱ्या इस्त्री धरून होता आणि मी पातळ पटाशीने वाट काढत होतो. शेवटी एक लांब पट्टी निघाली, मग आडव्या सुटल्या. मी पॅनेलचे दोन्ही अर्धे टेबलावर ठेवून हाताने नुसते जवळ ढकलले. क्लॅम्प नाही, जोर नाही. पाच मिलिमीटरची भेग केसाएवढीसुद्धा उरली नाही, रेषा रेषेला मिळाली.

"पाहा बरं मिस्त्री, मिटून राहिली ना!" पोऱ्या ओरडला. ताईंना फोन करून बोलावलं, कारण हे सांगून पटत नाही. लाकूड कुठेच कमी पडलेलं नव्हतं. कमतरता मधोमध दिसत होती, ती आता कडेला गेली. तिथे ती आठ मिलिमीटर खोल खाचेत लपते.

पुढचं काम सरळ. अर्धे जोडले. पॅनेलच्या कडांना, खाचेत जाणाऱ्या भागासकट, आधी पॉलिश दिलं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडते. कडांना मेण. चौकट जोडताना गोंद फक्त कोपऱ्यांत. पॅनेलला गोंद दोनच ठिकाणी, आडव्या पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एकेक थेंब, म्हणजे ते दोन्हीकडे सारखं फुगेल-आक्रसेल. जुन्या वाड्यांच्या दारांतल्या फळ्या अशाच मोकळ्या असतात.

सगळं बसवण्याआधी मात्र मी विचारलं, की लग्नानंतर पेटी राहणार कुठे? लेक मुंबईला जाणार, समुद्राजवळ. म्हणजे पेटी पुन्हा ओल्या हवेत. रत्नागिरीत हे पॅनेल खाचेच्या तळाला टेकवूनच कापलेलं असणार, तेवढ्या ओलाव्यावर ते पुन्हा तळाशी भिडणार आणि मुंबईच्या जुलैत चौकटीला रेटणार. दोन्ही लांब कडांवरून रंध्याने दीड-दीड मिलिमीटर काढलं. आज मे महिन्यात प्रत्येक बाजूला साडेचार मिलिमीटर मोकळे, साडेतीन खाचेत. पकड कमी वाटते, पण पॅनेल याहून बारीक होणार नाही, पुढे वाढणारच आहे.

ताईंनी झाकणावर टिचकी मारली, पॅनेल किंचित खडखडलं. "सैल वाटतंय हो, सासरचे काय म्हणतील?" पावसाळ्यात बसेल, म्हणालो. त्यांना ते फारसं आवडलं नाही, तरी पेटी नेली.

मिस्टरांनी जाताना विचारलं, मग प्लायच का नाही लावत? पेटीचा तळ प्लायचाच होता आणि चारही बाजूंनी चिकटवूनही धड होता. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, कोणी कोणाला हलू देत नाही. त्यांनी त्याच दिवशी प्लायच्या चपलांच्या कपाटाची ऑर्डर दिली. चपलांसाठी मीही प्लायच सुचवला असता.