तीन डबे, चार बोग्या

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, तेव्हा पोराला घेऊन शाहू टर्मिनसवर बघायला गेलो होतो. गाडीच्या निमुळत्या नाकासमोरून तो हलेचना. घरी आल्यावर म्हणाला, "पप्पा, आपल्या रुळावर अशी गाडी का नाही?" आपला रूळ म्हणजे माळ्यावरच्या खोलीतला मॉडेल रेल्वेचा, एचओ (खऱ्याच्या सुमारे १/८७) मापाचा, १८ इंच त्रिज्येच्या वळणांचा. त्यावर एक डिझेल इंजिन आणि चार मालडबे फिरायचे.

चकचकीत स्ट्रीमलाइन्ड (हवा कापत जाणाऱ्या, गुळगुळीत घडणीच्या) प्रवासी गाड्यांचे तयार मॉडेल संच मी पूर्वीच बघून ठेवले होते. परदेशातून मागवायचं तर मूळ किंमत, वर टपाल, वर कस्टम. मी शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचे लाकडी पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो ते नमुने) करतो, त्या पगारात हे बसत नव्हतं. शिवाय अशा बहुतेक खऱ्या गाड्यांचे डबे ८५ फुटी. एचओमध्ये एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, म्हणजे डबा जवळजवळ ३० सेंटिमीटर. माझ्या वळणावर असा डबा टोकाला भलताच बाहेर येतो. खिडक्या कमी करून ७२ फुटी आखूड डबे करतात, पण पॅटर्नवाल्याला माप मोडवत नाही.

मग मी गाडीच दुसरी निवडली. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीनं १९३४ साली बर्लिंग्टन रेल्वेसाठी स्टेनलेस स्टीलची झेफर बांधली. २६ मे १९३४ ला ती डेन्व्हरहून शिकागोपर्यंतचे १,०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत, वाटेत न थांबता धावली. ही गाडी तीनच डब्यांची. ६०० अश्वशक्तीचं इंजिन पहिल्याच डब्यात. आणि लागून असलेल्या दोन डब्यांना मिळून एकच बोगी. (आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण इथं बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा.) वेगळं इंजिन नको, सहाऐवजी चार बोग्या, १९७ फूट म्हणजे जेमतेम ६९ सेंटिमीटर लांबी! डब्यांची जोडलेली टोकं बोगीवरच टेकलेली, त्यामुळे वळणावर ती बाहेर पडत नाहीत. मधला भाग तेवढा आत येतो, माझ्याकडे साधारण १५ मिलिमीटर. आतल्या बाजूचा फलाट मागे सरकवला आणि प्रश्न मिटला.

डब्यांचे सांगाडे जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे. तीन थर फेव्हिकॉलनं चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवायचे. पहिला सांगाडा जुलैच्या पावसात केळीच्या पानासारखा वळला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला आतून-बाहेरून फ्रेंच पॉलिशचे दोन हात दिले, तेव्हापासून त्रास नाही.

चाकं करायला शेजारच्या लेथवाल्या मामांकडे गेलो. आठ ॲक्सल, सोळा पितळी चाकं, मधला दांडा नायलॉनचा, म्हणजे दोन्ही रुळांचा करंट एकमेकांना भिडत नाही. इथं चूक माझी झाली. ड्रॉइंगवर १४.४ मिमी लिहिलं, पण ते कुठून कुठे हे दाखवलं नाही. मामांनी चाकांच्या बाहेरच्या कडा धरल्या. मोजायचं होतं दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर. आठही ॲक्सल रुळाच्या आत पडले. मामा एवढंच म्हणाले, "भावा, पॅटर्नला असं ड्रॉइंग आलं तर तू घेशील काय?" सगळे दांडे नव्यानं कापले.

खरा घाम काढला तो पन्हाळीदार पत्र्यानं. झेफरची ओळखच ती: अंगभर आडव्या, बारीक पन्हाळ्या. पातळ स्टेनलेस पत्र्याला त्यांनी कणखरपणा येतो, वेगळा रंग लागत नाही. स्वयंपाकघरातली फॉइल फाटली. एसीच्या डक्टला लावतात ती चिकट ॲल्युमिनियम टेप मात्र बरोबर जाडीची निघाली. तिच्यावर एम-५ चा (५ मिमी जाडीचा) आटेवाला रॉड लाटण्यासारखा फिरवला. रेघा सुंदर उठल्या, पण तिरक्या. आटे म्हणजे मळसूत्र, ते सरळ रेघ देणारच नाहीत. रात्रभर हे डोक्यात घोळत होतं. सकाळी मामांना सांगितलं, आटे नकोत, सुट्या खाचा पाडा, एकमेकींपासून ०.६ मिमीवर. सायकलची जुनी ट्यूब पसरली, वर टेप ठेवली आणि तो खाचांचा रॉड एकदाच दाबून फिरवला. पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा हात थरथरत होते. चिकटवताना बोटानं घासलं की पन्हाळ्या सपाट होतात, म्हणून मऊ ब्रशनं, खालून वर, एकेक पट्टी लावली. खिडक्यांची पट्टी गुळगुळीतच ठेवली.

नाक सागवानाचं कोरलं. दोन्ही दिशांनी वळलेल्या भागावर टेप सुरकुततेच, तेव्हा बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घोटल्या. सांधे बारकाईनं बघितलं तर दिसतात.

पहिल्या बोगीत मिनिटाला ३०० फेऱ्यांची, १२ व्होल्टची एन-२० जातीची छोटी गिअर मोटर आहे. चाकांच्या पाठीला जुन्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) पितळी पट्ट्या टेकवून करंट घेतला. पहिल्यांदा मधला डबा वळणात आत ओढला जाऊन पडला, कारण पुठ्ठा हलका. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा एक नियम आहे: एक औंस, शिवाय लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. नऊ इंची डब्याला साडेपाच औंस, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या थोडं वर. मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या ठोकून सपाट केल्या आणि तळाशी बसवल्या.

रूळ आणि ट्रान्सफॉर्मर आधीचेच होते. बाकी सगळं मामांच्या मजुरीसह दोन हजारांच्या आत झालं. दिवाळीच्या आदल्या रात्री माळ्यावरचा दिवा मालवून गाडी सोडली. दारातून येणारा उजेड पन्हाळ्यांवरून सरकत गेला. पोरगं रुळाला गाल टेकवून, एक डोळा मिटून बघत होतं. अकरा फेऱ्या झाल्या, एकदाही घसरली नाही.

खऱ्या झेफरला पुढे चौथा डबा जोडला होता. तो करायला घेतलाय. त्याला एकच जादा बोगी लागेल, दोन ॲक्सल, चार चाकं. मामांना ड्रॉइंग दिलंय, १४.४ च्या दोन्ही टोकांना बाण काढून.