कोल्हापूर ते मिरज, पंधरा स्तोत्रं

आम्हा प्रॉटेस्टंट लोकांना वारी नाही. कॅथलिक मंडळींना वांद्र्याची मोतमाउली आहे, वेलंकणी आहे. आमच्याकडे लहानपणापासून एकच उत्तर ठरलेलं: देव सगळीकडे आहे, त्याच्यासाठी कुठं चालत जायचं कारण नाही. हे खरंच आहे. पण सगळीकडे असलेला देव मला गेली काही वर्षं कुठंच जाणवत नव्हता, ही माझी अडचण होती.

पाप-बिप काही मोठं घडलेलं नव्हतं. रविवारची उपासना चुकत नव्हती, घरची प्रार्थना चालू होती. उपवास-प्रार्थनेला बसलो, विश्वास पुन्हा जागवणाऱ्या संजीवन सभांना गेलो. तिथं शेजारचा माणूस हात वर करून रडायचा आणि मी खुर्चीवर बसून पंख्याचा आवाज ऐकायचो. आमच्या घरात गोष्टी मात्र सगळ्या पेटलेल्या माणसांच्या. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत होत्या, ही गोष्ट आजीनं किती वेळा सांगितली असेल. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला आणि पुढं अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशन चळवळीच्या उभारणीत पुढं होता. असल्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला आपलं कोरडेपण जास्तच टोचतं.

चालायची कल्पना आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात निघाली. बायबलमधली स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं, म्हणजे चढणीची गाणी. सणाला यरुशलेमला चढून जाणारे यात्रेकरू ती वाटेनं गात असत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुणीतरी म्हणालं, ही खुर्चीत बसून काय वाचायची? मग लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, दोन दिवस काढून मिरजेपर्यंत चालायचं ठरलं. सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे साधारण तीन-साडेतीन किलोमीटरला एक स्तोत्र. वाचायचं, आणि पुढचं येईपर्यंत गप्पा न मारता चालायचं.

मिरजच का, हे शेजारच्या माळकरी काकांनी विचारलं. ते दर आषाढीला दिंडीबरोबर नंदवाळला चालत जातात. “मिरजेत तुमचं कोण आहे?” मी म्हटलं, मिशन हॉस्पिटल. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं. आमच्यातले निम्मे तिथं जन्मले, बऱ्याच जणांची आजी-आई तिथं नर्स होती. काकांना ते पटलं. आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका एल्डरना पटलं नाही. त्यांना हे ‘हिंदू वळण’ वाटलं. ज्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नारायण वामन टिळकांच्या कृपेनं आपण भजन आणि कीर्तन करतो, तिथं चालण्याचंच वावडं का, हे मला कळलं नाही. काकांनी मात्र कामाचा सल्ला दिला: पायाला खोबरेल तेल लावा, मोजे नवे घालू नका, आणि पहिल्या दोन कोसांत दम संपवू नका.

पहाटे चारला निघालो. मागून पाणी, सतरंज्या आणि आमच्या मंडळीतल्या एक आजी घेऊन छोटा हत्ती येत होता. आजींचे गुडघे गेलेले, पण प्रत्येक स्तोत्राच्या वेळी त्या उतरणार आणि जमेल तेवढं चालणार, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, शिरोलीचा सांगली फाटा. उजाडता उजाडता १२१ वाचलं: दिवसा सूर्याची आणि रात्री चंद्राची बाधा होणार नाही. अकरापर्यंत सूर्यानं आपलं काम चोख केलं. रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा, प्रत्येकावर कर्कश गाणी. शांततेची माझी जी काही कल्पना होती ती हेर्ले यायच्या आतच संपली.

मी मनात एक जुनी प्रार्थना धरली होती: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ही शतकानुशतकं श्वासागणिक म्हटली जाते. एल्डरांनी ऐकलं असतं तर ‘व्यर्थ बडबड करू नका’ हे वचन काढलं असतं. पण यरीहोच्या वाटेवरच्या बार्तिमयानं तरी दुसरं काय केलं? लोक गप्प बसवत होते आणि तो तेच तेच ओरडत राहिला. पावलाबरोबर प्रार्थना बसली. काही जाणवलं का? नाही. टाचेला फोड आला ते जाणवलं.

चोकाकजवळ १२४ आलं. परमेश्वर आमच्या पक्षाचा नसता तर पाण्यानं आम्हाला बुडवलं असतं, असं ते स्तोत्र म्हणतं. आमच्यातल्या एका ताईंचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. नियम मोडून त्या बोलायला लागल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या वडिलांच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. जनावरं सोडून द्यावी लागली, भिंत गेली. “हे स्तोत्र मला वाचायला जड जातं,” त्या म्हणाल्या. “देव आमच्या बाजूनं होता, मग पाणी आलंच कसं?” कुणी उत्तर दिलं नाही, आणि ते बरं झालं. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, छावणीत आईनं रोज संध्याकाळी प्रार्थना घेतली, आणि घरी कधी न येणारे शेजारीही त्यात बसायचे. त्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली नाही. मीही घालत नाही. पण त्या दिवशी कोल्हापूर ते हातकणंगले एवढ्या रस्त्यात देवाबद्दल जे काही खरं बोललं गेलं, ते हेच असं मला वाटतं.

रात्री हातकणंगल्यात ओळखीच्यांकडे पिठलं-भाकरी खाऊन आडवे झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला उठलो तर समोर १२७: पहाटे लवकर उठणं व्यर्थ आहे. हसून हसून झोप उडाली.

जयसिंगपूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. एका बंद दुकानाच्या पायरीवर सावली होती, तिथं १३१ वाचलं. फक्त तीन ओव्यांचं. दूध तुटलेलं बाळ जसं आईपाशी असतं, तसा माझा जीव माझ्या ठायी शांत आहे. मला हे नेहमी साधं गोड चित्र वाटायचं. कुशीतलं बाळ, एवढंच. आजींनी मोडतं घातलं.

“कुशीतलं न्हवं, अंगावरचं तोडलेलं. लई फरक हाय त्यात,” त्या म्हणाल्या. “माझ्या थोरल्याचं तोडताना मी कडुलिंबाचा पाला वाटून लावलेला. तोंड लावायचा, तोंड वाकडं करायचा, आणि असा रडायचा की सासू मलाच शिव्या द्यायची. तीन-चार दिस घर डोक्यावर. मग एक दिवस आपला आपण आला, मांडीवर डोकं ठेवलं आन् पडून ऱ्हायला. काय मागितलं न्हाई. मला वाटलं, सपलं, आता ह्याला माझी गरज न्हाई. पर तसं कुठं? आदी दुधासाठी यायचं, आता नुसतंच यायला लागलं.”

मी दोन दिवसांत पहिल्यांदाच खरोखर गप्प झालो. क्रूसभक्त संत योहान या स्पॅनिश साधूबद्दल मी वाचलं होतं. १५७७ मध्ये त्याच्याच संघातल्या लोकांनी त्याला तोलेदोत कोंडून ठेवलं होतं. तोही हेच म्हणतो: देव सुरुवातीला जिवाला गोडी लावतो, मग अंगावरून तोडतो, आणि जिवाला वाटतं आपल्याला टाकून दिलं. वाचताना ते डोक्यात शिरलं होतं, पण तिथंच राहिलं होतं. आजींच्या तोंडून आल्यावर मला माझीच ती वर्षं वेगळी दिसली. संजीवन सभेत पंख्याचा आवाज ऐकत बसलेला मी, तरी पुढच्या सभेला पुन्हा जाणारा. काही मिळत नसताना मी जात होतो, हे कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती भूक होती, की नुसतं येणं होतं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. पण देव गेला म्हणून कोरडं पडलं, हे जे मी धरून चाललो होतो, ते त्या पायरीवर सैल झालं.

उदगाव गेलं, कृष्णेचा पूल गेला. अंकलीत १३३ वाचलं, भावांनी एकोप्यानं राहणं किती चांगलं. मंडळीच्या निवडणुका आणि जमिनीच्या कज्ज्यांचा अनुभव असलेले दोघे-तिघे खोकले.

मिरजेत शिरायला अंधार पडला. शेवटचं १३४ हे रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी आहे. ते हॉस्पिटलच्या फाटकाशीच वाचायचं ठरलं होतं. नाइट ड्युटीच्या नर्सेस आमच्या बाजूनं आत जात होत्या. वॉचमननं आमचे चेहरे आणि पाय पाहून विचारलं, “पेशंट कुठल्या वॉर्डात हाय?” सांगून पटेना, तेव्हा त्यानं आम्हाला फाटकाच्या बाजूला उभं राहून वाचायला सांगितलं. वाचलं, आणि एसटी गाठली.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभं केलं. मी स्तोत्र १३१ वर थोडं बोललो. एल्डरांनी शेवटी विचारलं, कुणाला काही स्पर्श झाला का, कुणी बरं झालं का? आजी बाकावरूनच म्हणाल्या, गुडघे जाताना दुखत होते त्यापेक्षा आता जास्त दुखतायत, आणि पुढच्या लेंटला हत्तीत जागा राखून ठेवा.