आर्नल्ड बेनेटची खतावणी: १९१२ चं पान सुटलं

इंग्रज कादंबरीकार आर्नल्ड बेनेटच्या कमाईचा वर्षवार हिशेब मांडतोय, त्यातलं १९१२ चं पान सुटलं! ताळा अजून पूर्ण लागलेला नाही, पण घोडं कुठे अडतंय ते आता स्पष्ट दिसतंय.

त्या वर्षअखेर बेनेट डायरीत नोंदवतो, की वर्षभरात सुमारे १६,००० पौंड हाती आले, आणि त्याआधीच्या सगळ्या आयुष्याची कमाईही जवळपास तेवढीच. मोटार घेतली, यॉट घेतली, घराचा व्यवहार ठरवला. किल्ली त्याच नोंदीत आहे: ही रक्कम एजंटांचं कमिशन वजा जाता आहे. कमिशन सरसकट दहा टक्के धरलं तर ढोबळ जमा १७,७७८ पौंडांच्या आसपास जाते. करारांवरून काढलेले आपले आकडे सगळे ढोबळ, म्हणून आता प्रत्येक रकमेपुढे कमिशनचा वेगळा रकाना केलाय.

खरी डोकेदुखी आहे ती पॅरिसच्या वर्षांतल्या उचलीची. त्याचा साहित्यिक एजंट जे. बी. पिंकर त्याला पुढच्या मानधनापोटी दरमहा ५० पौंड देत असे. हे उत्पन्नात धरले, तर प्रकाशकाचे पैसे आल्यावर तीच रक्कम दुसऱ्यांदा मोजली जाते. सोडून दिले, तर बेनेट महिनेच्या महिने बिनपैशाचा दिसतो, आणि घर तर व्यवस्थित चाललेलं. पत्रांचा हेपबर्न-संपादित पहिला खंड (१९६६, सगळी पिंकरला लिहिलेली) शेजारी ठेवून बरेच प्रकार करून पाहिले. शेवटी जुन्या पेढीची रीत कामी आली: पिंकरचं स्वतंत्र खातं. उचल आली की त्याच्या खाती जमा, मानधन त्याच्याकडे पोचलं की तेवढं नावे. उरेल ती बाकी म्हणजे बेनेटच्या डोक्यावरचं देणं. उत्पन्नाचं पान एकदम स्वच्छ झालं. फार समाधान वाटलं.

‘तेराला बारा’चं सूत्रही बसलं. सहा शिलिंगांची कादंबरी, १५ टक्के रॉयल्टी, हजार प्रती: सरळ हिशेबाने ४५ पौंड. करारात रॉयल्टीसाठी विकलेल्या तेरा प्रती बाराच धरण्याचं कलम असेल तर ४१ पौंड १० शिलिंग ९ पेन्स. एजंटाचे दहा टक्के गेले की ३७ पौंड ७ शिलिंग ८ पेन्स. सगळं पेन्समध्ये साठवा, शेवटी पौंड करा. एक्सेलपेक्षा लिब्रे ऑफिस मला यासाठी बरं वाटतं. स्कॅनवरून मजकूर उचलणाऱ्या प्रोग्रामवर मात्र विसंबू नका, पौंडाच्या चिन्हाचा तो सर्रास ‘ई’ करतो. आकडे हातानेच भरा.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, की वर्षवार पानच मोडायला हवं. नाटककार एडवर्ड नोब्लॉकबरोबर लिहिलेलं ‘माइलस्टोन्स’ हे नाटक मार्च १९१२ मध्ये लंडनच्या रॉयल्टी थिएटरला लागलं, सहाशेहून अधिक प्रयोग झाले. वर्ष संपलं तेव्हा ते चालूच होतं. मार्च १९१३ मध्ये किंग्जवे थिएटरला त्याचं ‘द ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ आलं, तेही सहाशेच्या वर गेलं. नाटकाचा पैसा आठवड्याच्या गल्ल्यावर, पुस्तकाचा सहामाही हिशेबाने. दोन्ही एका डिसेंबरात कोंबले की नाटकांमुळे त्याची परिस्थिती किती झपाट्याने पालटली ते दिसतच नाही. म्हणून पुढचं ठरलेलं १९०८ चं पान तूर्त बाजूला. आधी मार्च १९१२ ते डिसेंबर १९१३, महिनावार, नाटक आणि पुस्तक वेगळे. लंडनच्या नाट्यगृहांचे त्या दोन वर्षांतले तिकीटदर कुणी जमवले असतील तर जरूर पाठवा, रॉयल्टी थिएटरच्या एका आठवड्यापासून सुरुवात करतो.